पेजवर माझा एकच पेपर

४ ऑगस्ट, सोमवार

कॉलेजची नवी वेबसाइट सुरू झाली. प्राचार्यांनी ग्रुपवर फुलं काय, जोडलेले हात काय, सगळं टाकलं. मीही हौसेनं वनस्पतिशास्त्राच्या पेजवर गेले, ‘प्रकाशने’ उघडलं, माझं नाव दाबलं. खाली एकच पेपर. एकच! बाभळीच्या शेंगांवरचा, मी एकटीनं लिहिलेला, अगदी सुरुवातीचा. मोहाचे, तणांचे, नदीकाठच्या गवताचे, सगळे गायब.

माझ्याच विभागातल्या भोयरच्या नावाखाली मात्र त्याचे झाडून सगळे आहेत. वर हसरा फोटो.

पदोन्नतीची फाइल याच महिन्यात जायची, माझीही आणि त्याचीही. छाननी समिती आधी पेज पाहते, मग कागद. आणि नेमके आत्ताच माझे पेपर उडावेत? योगायोग म्हणे. मी नाही मानत.

५ ऑगस्ट

विभागाच्या सगळ्या पेपरांची सूची त्या ऑनलाइन टूलमध्ये आहे, सगळ्यांची मिळून एक लायब्ररी. तिच्यातून पेजवर यादी आपोआप जाते म्हणे. आपोआप जायला तिला काय पाय आहेत? कोणीतरी धाडतं, कोणीतरी अडवतं.

उन्हाळ्यात मी माहेरी कारंजाला होते तेव्हा वेबसाइटवाल्याबरोबर विभागात कोण बसलं होतं? भोयर. कोणी सांगितलं होतं त्याला बसायला? कोणीच नाही. वानखेडे सर मेअखेर निवृत्त झाले नसते तर कोणाची टाप नव्हती. सर विभागप्रमुख होते तोवर माझ्या कामाला कोणी हात लावला नाही.

यांना सांगितलं. हे दुकानातून आलेले, बियाण्यांच्या पिशव्या उचलून दमलेले. म्हणाले, “मले एखादी वस्तू सापडत नसली ना, का मी आधी मीच कुठी ठेवली ते पाह्यतो. मग पोट्ट्यांवर ओरडतो.” म्हणजे काय, मीच लपवले माझे पेपर? नवरा म्हणून एकदा तरी माझ्या बाजूनं बोलावं की नाही. वरण गरमसुद्धा केलं नाही मग.

७ ऑगस्ट

वेबसाइटवाल्याला वर्ध्याला फोन.
“मॅडम, पेज बरोबर आहे. कॅशे साफ करा.”
केली. बँकेचा पासवर्ड गेला, विजेच्या बिलाचा गेला, पेपर आले नाहीत.
“दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहा.”
पाहिलं. तिथंही एकच, बाभळीचा.
“मग मॅडम, तुमच्या लायब्ररीतच नसतील.”
“नसतील म्हणजे? मी स्वतः भरलेत!”
“मग कोणी उडवले असतील.”
बघा. हे मी म्हणाले नाही, तो म्हणाला.

८ ऑगस्ट

लायब्ररी उघडली. सगळे पेपर आहेत! एकही उडालेला नाही. म्हणजे खून झालेला नाही, कोंडून ठेवलेत. हे तर त्याहून वाईट. उडवले असते तर चूक झाली म्हणता आलं असतं.

प्रत्येक नोंदीपुढे ‘शेवटचा बदल’ पाहिला. मे महिना. करणारा कोण? ‘विभाग’. विभाग म्हणजे कोण? सगळ्यांचं लॉगिन एकच, आणि पासवर्ड वाळवलेल्या नमुन्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. सरांनीच चिकटवला होता, कोणाचं अडू नये म्हणून. देवमाणूस. पण देवाच्या दारात चपला चोरीला जातातच.

पल्लवी आली, माझी पीएचडीची विद्यार्थिनी. “मॅडम, आपल्या पेपरचं प्रूफ आलं मासिकाकडून. मेल केलं तुम्हाले. पाहाल?” टाकळ्यावरचा पेपर, स्वीकारला गेलाय. मजकूर मी जून महिन्यातच ओळ न् ओळ तपासला होता, वरची नावं-गावं भरून तिनं पाठवला. पाहते म्हणाले. माझेच पेपर सापडेनात, प्रूफ कुठून पाहू.

तीही विभागाच्या कॉम्प्युटरवर फार वेळ बसते हल्ली. लक्ष ठेवलं पाहिजे.

१२ ऑगस्ट

पासवर्ड बदलला. कपाटावरची चिठ्ठी तशीच ठेवली, जुनीच. आता जो तडफडेल तो चोर.

१४ ऑगस्ट

आला!
चहाच्या वेळी भो. म्हणाला, “मॅडम, लायब्ररीचा पासवर्ड चालून नाई राह्यला. तुम्ही बदलला का?”
“तुम्हाला कशाला हवी होती लायब्ररी?”
“असंच. जरा पाहत होतो.”
असंच! आमच्या विभागात असंच कोणी खुर्चीवरून उठत नाही. “मला काय माहीत,” म्हणाले आणि चहा तसाच ठेवून वर्गावर गेले.

समोरासमोर विचारावं का? नको. पुरावा हवा. वडनेरचा माणूस, गोड बोलून हातची काकडी काढून घेईल.

१८ ऑगस्ट

सापळा लावला. लायब्ररीत एक खोटी नोंद केली. लेखक मी एकटी. पेपरचं नाव: ‘अंगणातील तुळशीवर संशयाचा होणारा परिणाम’. मासिक: चाचणी. तासाभरात पेजवर माझ्या नावाखाली हजर! बाभळीखाली तुळस.

म्हणजे लायब्ररीतून पेजवर रस्ता मोकळा आहे. मग बाकीच्यांनाच कोण अडवतंय? पासवर्ड नसला म्हणून काय, वेबसाइटवाला आहेच त्याच्या ओळखीचा; आता पाहू, तुळस किती दिवस टिकते.

२० ऑगस्ट

टिकली. कोणी हात लावला नाही. आता कळलं, त्याला माझे चांगले पेपरच नको आहेत. हा असला फालतू राहिला तर उलट बरंच त्याला. समिती हसेल.

आणि हसायला समितीची वाट कशाला पाहायची. भो. जिन्यात भेटला. “मॅडम, तुळशीचा पेपर कुठं छापला बावा? मले एक प्रत पाह्यजे.” दात दाखवत. तोंडावर दार आपटावंसं वाटलं, पण जिन्यात दार नाही.

पल्लवी: “मॅडम, प्रूफ?” “पाहते गं.”

२२ ऑगस्ट, पोळा

सुटी. भो. गावाला, वडनेरला. त्याच्या घरची बैलजोडी आहे, तोरणाखाली उभी करायला जावं लागतं. म्हणजे आज तो कॉम्प्युटरपाशी नाही. घरून करून पाहावं म्हटलं. पुरणाचं वाटून झालं, पदराला हात पुसला न् बसले.

दुसरी खोटी नोंद. या वेळी दोन लेखकांची, माझ्या बाकीच्या पेपरांसारखी. ‘तुळशीवर संशयाचा परिणाम: भाग दोन’. साठवलं. थांबले. पोळ्या लाटल्या. येऊन पाहिलं. पेजवर नाही. आणखी थांबले. नाहीच.

भो. तर वडनेरला बैलांच्या शिंगांना बेगड लावत असेल. कोणी केलं मग हे? घरात माझ्याशिवाय कोणी नाही.

नोंद पुन्हा उघडली. पहिला लेखक: डॉ. वानखेडे. दुसरी: मी.

खोट्या पेपरलासुद्धा सरांचं नाव पहिलं टाकलं मी! कोणी म्हटलं नव्हतं. हात आपोआप गेला. जो पेपर जगात नाही, ज्याच्याशी सरांचा काही संबंध नाही, त्यालाही सर आधी.

नावं फिरवली. मी वर, सर खाली. थोड्या वेळानं पेजवर हजर.

पोळी करपली.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा

गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन येऊन गेली, बोजाऱ्याच्या पैशांसाठी दारात ओरडत होती. काय दिलं त्यांना, तेही आठवत नाही.

दिवसभर तेच. नव्या पेजवर आत्ता नोकरीत असलेल्या प्रत्येकाचं नाव आहे, आणि पेपर जातो तो पहिल्या नावाखाली. सर निवृत्त, त्यांचं नाव पेजवरून निघालं. त्यांच्याबरोबर त्यांच्या नावाखालचे सगळे पेपर गेले. माझे. भो.चा एकही गेला नाही, कारण त्यानं सरांचं नाव कधी टाकलंच नाही.

किती बोललो होतो आम्ही त्याला त्यावरून. उद्धट, शिष्ट, गुरूचा मान नाही. सगळ्यात जास्त मीच.

मला रुजू झाल्या झाल्या विभागातल्या जुन्या कुळकर्णी मॅडमनी सांगितलं होतं, “इथं सरांचं नाव वर, आपलं खाली. असंच असते.” पहिली लग्नपत्रिका गणपतीपुढं ठेवतात तशी. कधी विचारलं नाही. मोहाची झाडं मोजत मी उन्हातान्हात फिरले, सर एकदाही आले नाहीत. आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही हो! त्याचाच राग येतोय.

यांना सांगितलं. वाटलं, आता ‘मी म्हटलं होतं’ येईल. तसं काही म्हणाले नाहीत. “चाल, जेवून घे,” म्हणाले. तेही नको वाटलं.

२५ ऑगस्ट

वेबसाइटवाला: “अरे मॅडम, मग सोपं आहे! नाव कुठंही असलं तरी दाखवायची सेटिंग आहे. चालू करतो.” केली. सगळे आले! मोह, तण, गवत, सगळे माझ्या नावाखाली. एवढा आनंद झाला की स्टाफरूममध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या.

धावत प्राचार्यांकडे. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. “हा तुळशीचा काय प्रकार आहे?”
“काढते सर.”
“बरं, हे झालं. पण मुख्य लेखक म्हणून दोन तरी लागतात. पहिलं नाव म्हणजे मुख्य लेखक, समिती तेच धरते. तुमचा बाभळीचा एकच.”
“सर, सगळं काम माझं आहे!”
“मग वानखेडे सरांकडून लिहून आणा तसं. मुख्य काम तुमचं म्हणून. एका पेपरचं आणलं तरी भागते. नाहीतर छापायला गेलेला एखादा असंल तर प्रूफ लावा. शनिवारी फाइल जाईल.”

बाहेर भो. उभा. ऐकत होता का? म्हणाला, “मॅडम, मी त्या दिवशी तुमचेच पेपर शोधून राह्यलो होतो लायब्ररीत. पेजवर दिसेनात म्हणून.”
“मग तेव्हा बोलला का नाहीत?”
“तुम्ही बोलू कुठं देता?”
खरं का खोटं, देव जाणे. खरं असेल तर मी फार वाईट वागले. पण उन्हाळ्यात वेबसाइटवाल्याबरोबर का बसला होता, ते त्यानं अजून सांगितलेलं नाही. नवा पासवर्ड मात्र दिला त्याला. दोन्ही तुळशी उपटल्या.

२६ ऑगस्ट

नाचणगावला सरांकडे. आमच्या पुलगावहून ती केवढीशी वाट, पण पाय उचलेना. पत्र टाइप करून नेलं होतं. फक्त मोहाच्या पेपरचं.

सर ओसरीवर, धोतरात. मी त्यांना धोतरात कधी पाहिलं नव्हतं. काकूंनी आलूपोहा आणि वर तर्री दिली. सगळं सांगितलं. पेज, सेटिंग, समिती. सर हसत होते, मान हलवत होते. मग पत्र दिलं.

वाचलं. पुन्हा वाचलं. “संध्या, मी कधी म्हटलं होतं का तुले, माझं नाव पहिलं टाक म्हणून?”
नाही म्हटलं. खरंच कधी म्हटलं नव्हतं.
“मग आता काऊन लिहून मागतेस?”
मी पोह्यांची बशी खाली ठेवली.
“मुख्य काम म्हणजे काय वं? झाडं मोजणं म्हणजे मुख्य काम? दिशा कोणाची होती?”
दिशा! कोणती दिशा? मी कारंजाच्या रस्त्यानं जाताना मोह पाहिला आणि मला सुचलं. सरांना मी नंतर सांगितलं. तोंडावर आलं होतं. गिळलं.
“ठेवून जा. पाह्यतो.”

फाटकाशी काकू आल्या. हळू आवाजात: “रागावू नको वं माय. घरी बसल्यापासून हे दुपारी तेच पेपर काढून बसते. नातवाले दाखवते, हे पाह्य, इथी आबाचं नाव. दुसरं काही उरलं नाई त्यायले.”

रस्ताभर रडू येत होतं. माझ्यासाठी की सरांसाठी, ते काही कळलं नाही.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. आज सरांना फोन. उचलला नाही. पुन्हा केला, काकूंनी उचलला. “झोपले आहेत.” सकाळी अकराला? सर साडेपाचला उठून फिरायला जाणारा माणूस.

उचलायचंच नाही, असं दिसतंय. की काकूच पत्र दाखवत नाहीत? की सर शेजारी बसून हातानं नाही म्हणताहेत? आता काकूंवरही संशय घेते मी. वा गं संध्या.

दुपारी विभागात कोणी नव्हतं. लायब्ररी उघडली. मोहाचा पेपर. माझं नाव धरलं आणि वर ओढलं. एवढं सोपं! सर खाली गेले, मी वर. पेजवर आलं, पाहिलं. छान दिसत होतं, खोटं का बोलू. बराच वेळ पाहिलं.

मग पुन्हा खाली ओढलं. पेजवर नाव हललं म्हणून छापील अंकातलं थोडंच हलतं. आणि कोणी अंक काढून पाहिला तर? भो.कडे असेलच एक प्रत. ठेवलेलीच असेल त्यानं. नसेल तरी असेल.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी प्राचार्य: “मॅडम, पत्र?” नाही म्हटलं. “मग प्रूफबिफ काही आहे का? उद्या बारापर्यंत द्या.”

तेव्हा आठवलं. प्रूफ! टाकळ्यावरचा पेपर. पल्लवी तीन आठवडे मागे लागली होती आणि मी पाहिलंसुद्धा नव्हतं. उघडलं. पहिलं नाव: डॉ. संध्या. दुसरं: पल्लवी.

एक क्षण इतकं बरं वाटलं. बाभूळ एक, टाकळा दोन. झालं! फाइल भरली. कोणाच्या दारात जायला नको, कोणाची सही नको. गणपतीला मनातल्या मनात मोदक बोललेसुद्धा.

मग खाली वाचत गेले. टाकळा कोणी गोळा केला? पल्लवीनं. धाम नदीच्या काठानं कोण हिंडलं, पाय सुजेपर्यंत? पल्लवी. आकडे तिचे, तक्ते तिचे. मी इंग्रजी दुरुस्त केलं, दोन परिच्छेद वर-खाली केले. दिशा दिली असं म्हणता येईल. सरांनीही दिली होतीच की दिशा.

तिला बोलावलं. दारात उभी राहिली, घाबरलेली. तिला वाटलं प्रूफमध्ये चूक निघाली.
“माझं नाव पहिलं का टाकलंस?”
“मॅडम... नव्हतं टाकायचं?”
“कोणी सांगितलं तुला? भोयर सरांनी?”
“नाई नाई. त्यायनी तर उलटं सांगितलं होतं, तुझं टाक म्हणे.”
“मग?”
“तुमचेच पेपर पाह्यले मॅडम. त्यात जसं असते, तसं टाकलं.”

“बरं, जा,” म्हणाले. ती जाईना. “मॅडम, उद्या सकाळपर्यंत मंजुरी पाठवायची आहे. नावं बदलायची असली तर आताच सांगा म्हणते ते, मग बदलत नाईत.” आणि मग, अगदी हळू: “तुमचंच राहू द्या ना मॅडम. मले काही नाई त्याचं.”

मले काही नाई त्याचं. हे कोणाचं वाक्य आहे ते मला चांगलं माहीत आहे. मीच म्हणायचे, कुळकर्णी मॅडमसमोर, सरांसमोर, स्टाफरूममध्ये, हसत हसत. आणि मनापासून म्हणायचे. की नव्हते म्हणत? आता माझाच भरवसा वाटेना.

पोरीचाही वाटत नाही. खरंच काही नाही तिला, की माझ्या सहीवर पीएचडी अडकलीये म्हणून म्हणते? सरांना माझ्याबद्दल असा संशय कधी आला असेल का? आला असता तर बरं झालं असतं.

यांना जेवताना सगळं सांगितलं. हे म्हणाले, “तुया मनात काय आहे?” म्हटलं, माहीत नाही. “माहीत आहे तुले,” म्हणाले आणि भाकरी मोडली.

नाव खाली घेतलं तर फाइल गेली. पुढची संधी कधी, कोणाला ठाऊक. सरांच्या रिकाम्या खुर्चीवर भो. प्रमुख होईल, मी त्याच्याकडे रजेचा अर्ज नेईन. तसंच ठेवलं तर कोणी विचारणार नाही. पल्लवी तर नाहीच विचारणार.

सरांचा अजून फोन नाही. फोन शेजारी उताणा ठेवलाय, आवाज पूर्ण वाढवून.

प्रूफ उघडंच आहे. नावांच्या ओळीशेजारी छोटा चौकोन आहे, ‘क्रम मान्य’, अजून रिकामा. पल्लवी सकाळी दहाला येते म्हणाली आहे.